काम सारखंच, तरी साहेबांचा 'खास' एकच जण का असतो? यात स्वभावाचा हात किती?

मार्च संपत आला की ऑफिसातलं वातावरण बदलतं. एरवी चहाच्या टपरीवर क्रिकेट आणि ट्रॅफिकबद्दल बोलणारी मंडळी हळू आवाजात एकाच विषयावर बोलायला लागतात. अप्रेझल. यंदा कुणाला किती टक्के, कुणाचं प्रमोशन आणि कुणाची पुन्हा 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून बोळवण.

मग लेटर हातात पडतं आणि दरवर्षीचा वाद सुरू होतो. वर्षभर सगळ्यात जास्त राबलेल्याला सरासरी वाढ मिळते. मीटिंगमध्ये चार वाक्यं टाकून जाणारा थेट टीम लीड होतो. त्यावर टीमचं एकमत लगेच होतं, "अरे, तो साहेबांचा खास आहे."

आता हे 'खास' असणं नेमकं असतं काय? मस्का मारला की माणूस खास होतो, हे सगळ्यात सोपं उत्तर. आणि कधीकधी ते खरंही असतं. पण या विषयावर जगभरात कित्येक दशकं संशोधन झालंय आणि त्यातून निघणारं उत्तर जरा वेगळं आहे. माणसाच्या स्वभावातल्या काही गोष्टी त्याला मॅनेजरसाठी महत्त्वाचा बनवतात. काही गोष्टी त्याला फक्त नजरेत भरवतात. आणि काही गोष्टी अशा असतात ज्यांच्यामुळे त्याच्या डोक्यावर कामाचा डोंगर चढतो, पण हातात काहीच पडत नाही.

या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. अप्रेझलच्या वेळी होणारी चिडचिड बऱ्याचदा त्यांची गल्लत झाल्यामुळे होते.

एका टीममध्ये दोन टीम असतात

पूर्वी असं मानलं जायचं की बॉस एकतर चांगला असतो नाहीतर वाईट, आणि जसा असेल तसा तो सगळ्यांशी सारखाच वागतो. १९७५ मध्ये फ्रेड डान्सेरो, जॉर्ज ग्रेन आणि विल्यम हागा या तीन अमेरिकन संशोधकांनी या समजुतीला धक्का दिला. त्यांनी दाखवलं की एकाच बॉसचं हाताखालच्या प्रत्येकाशी नातं वेगळं असतं. काही जण आतल्या वर्तुळात असतात, बाकीचे बाहेरच्या. पुढे याच विचारातून 'लीडर-मेंबर एक्स्चेंज' नावाचा सिद्धांत तयार झाला, जो आज एमबीएच्या पोरांना शिकवला जातो.

यामागचं कारण सोपं आहे. मॅनेजरकडे वेळ कमी असतो. आठ-दहा जणांवर सारखा विश्वास टाकणं, सगळ्यांना सगळं समजावून सांगणं त्याला जमत नाही. म्हणून तो दोन-तीन जण निवडतो आणि अवघड काम त्यांच्याकडे देतो.

बाहेरच्या वर्तुळातल्या माणसाला नियमाप्रमाणे काम आणि नियमाप्रमाणे पगार मिळतो. आतल्याला त्यापेक्षा जास्त मिळतं. आतली माहिती आधी कळते, नाव होईल असं काम मिळतं, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चूक झाली तर सांभाळून घेतलं जातं. आतल्याची डेडलाइन हुकली तर 'त्याच्यावर लोड जास्त होता' आणि बाहेरच्याची हुकली तर 'तो सिरियस नाहीये'. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा हिशोब ऑफिसातही चालतो.

बरं, या वर्तुळांची आखणी व्हायला वर्षभर लागत नाही. १९९३ मध्ये रॉबर्ट लायडन, सँडी वेन आणि डीन स्टिलवेल यांनी नव्याने नोकरीला लागलेल्या १६६ जणांचा त्यांच्या वरिष्ठांसोबत अभ्यास केला. पहिल्या पाच दिवसांत दोघांना एकमेकांकडून काय अपेक्षा आहेत, एकमेक किती आवडले, 'हा आपल्यासारखाच आहे' असं किती वाटलं, यावरून दोन आणि सहा आठवड्यांनंतरच्या नात्याचा अंदाज बांधता येत होता. गंमत म्हणजे वय, शिक्षण किंवा लिंग यांतल्या साम्याचा तसा परिणाम दिसला नाही. महत्त्व होतं ते सारखेपणा वाटण्याला.

म्हणजे काम दाखवायची संधी मिळण्याआधीच स्वभावाचं वजन पडायला सुरुवात झालेली असते.

पण स्वभाव मोजणार कसा?

सोशल मीडियावर 'तुम्ही सोळापैकी कुठल्या टाइपचे?' अशा टेस्ट जोरात चालतात. संशोधक मात्र माणसाला एका खोक्यात बसवत नाहीत. ते स्वभावाच्या पाच पट्ट्या मानतात आणि प्रत्येक माणूस प्रत्येक पट्टीवर कुठेतरी असतो. याला 'बिग फाइव्ह' म्हणतात.

पहिली पट्टी कामातल्या शिस्तीची आणि जबाबदारीची, इंग्रजीत कॉन्शिएन्शसनेस. दुसरी बोलकेपणाची, म्हणजे एक्स्ट्राव्हर्जन. तिसरी मनमिळाऊपणाची, म्हणजे अग्रीएबलनेस. चौथी मन किती स्थिर राहतं याची. आणि पाचवी नव्या गोष्टींच्या ओढीची, म्हणजे ओपननेस.

यातल्या पहिल्या तीन पट्ट्यांवर मॅनेजरच्या नजरेतलं तुमचं स्थान बरंच अवलंबून असतं. एकेक करून बघू.

शिस्त : जिच्यावर साहेब शांत झोपतात

१९९१ मध्ये मरे बॅरिक आणि मायकल माउंट यांनी तोवरचे ११७ अभ्यास एकत्र करून बघितले. त्यात पोलीस होते, सेल्समन होते, मॅनेजर होते, डॉक्टर-इंजिनिअरांसारखे व्यावसायिक होते आणि कारखान्यातले कामगारही होते. प्रश्न एकच होता, स्वभावातली कुठली गोष्ट चांगल्या कामाशी जोडलेली असते?

बहुतेक गोष्टींचं उत्तर कामागणिक बदलत होतं. बोलकेपणा सेल्स आणि मॅनेजरकीत उपयोगी दिसला, इतर ठिकाणी तेवढा नाही. पण एक गोष्ट सगळीकडे टिकली, ती म्हणजे शिस्त. सांगितलेलं काम वेळेत करणं, अर्धवट न सोडणं, बारकावे तपासणं.

मॅनेजरच्या बाजूने बघितलं तर याचं कारण लगेच कळतं. मॅनेजरलाही वर उत्तर द्यायचं असतं. ज्याला काम दिल्यावर 'झालं का?' असं चार वेळा विचारावं लागत नाही, तो माणूस मॅनेजरचा वेळ वाचवतो आणि वरच्या मीटिंगमध्ये त्याची मानही खाली जाऊ देत नाही. एखादं काम होणार नसेल तर तसं दोन दिवस आधी सांगणारा माणूसही याच पट्टीवर वर असतो.

अर्थात शिस्त आणि कामगिरीचा हा संबंध सगळीकडे दिसत असला तरी फार जोरकस नाही. शिस्तीचा माणूस यशस्वी होणारच, असं त्यातून निघत नाही. हातातलं कौशल्य, मिळालेलं काम आणि आजूबाजूची टीम यांचाही वाटा असतोच.

अडचण अशी की शिस्त दिसत नाही. वेळेत झालेल्या कामाबद्दल कुणी मेल टाकत नाही, अडलेल्या कामाबद्दल मात्र दहा जण टाकतात. त्यामुळे शिस्तीच्या माणसाची किंमत बऱ्याचदा तो रजेवर गेल्यावर कळते.

बोलकेपणा : बोलणाऱ्याची बोरं विकतात

ही म्हण बाजारापेक्षा ऑफिसात जास्त खरी आहे. जो बोलतो तो दिसतो, आणि जो दिसतो तो अप्रेझलचा फॉर्म भरताना आठवतो.

इथे एक जुना गोंधळ मदतीला येतो. १९२० मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांना वेगवेगळे गुण द्यायचे होते. पण ज्याला एका गोष्टीत चांगले गुण, त्याला बाकीच्या गोष्टींतही चांगलेच गुण पडले होते. दिसायला रुबाबदार म्हणजे हुशारही असणार, असं डोकं परस्पर ठरवत होतं. थॉर्नडाइकने याला 'हेलो इफेक्ट' म्हटलं. मीटिंगमध्ये छान बोलणारा माणूस कामातही छानच असणार असं वाटतं, ते यामुळेच.

यापेक्षा धक्कादायक गोष्ट पुढे आली. २००० मध्ये स्टीव्हन स्कलन, मायकल माउंट आणि मेनार्ड गॉफ यांनी चार हजारांहून जास्त मॅनेजरांना मिळालेली रेटिंग्ज तपासली. प्रत्येकाला त्याचे वरिष्ठ, सहकारी आणि हाताखालचे लोक असे अनेक जण गुण देत होते. एकाच माणसाला मिळालेल्या गुणांत एवढा फरक का पडतो, हे शोधल्यावर कळलं की निम्म्याहून जास्त फरक गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या चष्म्यामुळे पडत होता. कुणी हात राखून गुण देतो, कुणी सढळ हाताने. कुणाला आकडे महत्त्वाचे वाटतात, कुणाला हजरजबाबीपणा.

थोडक्यात काय, तर अप्रेझल लेटरवर नाव तुमचं असतं, पण त्यात तुमच्याइतकाच तुमचा मॅनेजरही दिसतो.

मग कमी बोलणाऱ्यांनी काय करायचं? तर त्यांच्यासाठीही एक चांगली बातमी आहे. २०११ मध्ये अ‍ॅडम ग्रँट, फ्रान्सेस्का जिनो आणि डेव्हिड हॉफमन यांनी अमेरिकेतल्या एका पिझ्झा डिलिव्हरी कंपनीच्या दुकानांचा अभ्यास केला. कर्मचारी सांगितलं तेवढंच करणारे असतील, तर बोलक्या मॅनेजरचं दुकान जास्त नफा कमवत होतं. पण कर्मचारी स्वतःहून पुढाकार घेणारे, सुधारणा सुचवणारे असतील, तर चित्र उलटं होत होतं. तिथे कमी बोलणाऱ्या मॅनेजरची दुकानं पुढे होती. कारण सतत बोलणाऱ्या बॉसला दुसऱ्याने सुचवलेलं ऐकून घेणं जड जातं.

म्हणजे पुढाकार घेणारा तोच माणूस एका साहेबाला हिरा वाटतो आणि दुसऱ्याला डोकेदुखी. स्वभावाची किंमत समोर बसलेल्या माणसावरही ठरते. एका ऑफिसात 'नकोसा' ठरलेला माणूस दुसरीकडे जाऊन चमकतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

मनमिळाऊपणा : मऊ लागलं की कोपराने खणतात

आता येऊ खऱ्या दुखण्याकडे.

प्रत्येक टीममध्ये एक माणूस असतो जो कधीच नाही म्हणत नाही. शनिवारी यायचंय? येतो. नव्या पोराला शिकवायचंय? शिकवतो. दुसऱ्याचं प्रेझेंटेशन नीट करून द्यायचंय? देतो. सगळ्यांना तो आवडतो. मॅनेजरचं तर त्याच्याशिवाय पान हलत नाही. मग हा माणूस सगळ्यात पुढे असायला हवा ना?

२०१२ मध्ये टिमोथी जज, बेथ लिव्हिंगस्टन आणि चार्लिस हर्स्ट यांनी अमेरिकेतल्या पगाराची आकडेवारी स्वभावाशी ताडून बघितली. मनमिळाऊपणात सरासरीच्या खाली असलेले पुरुष, सरासरीच्या वर असलेल्या पुरुषांपेक्षा साधारण १८ टक्के जास्त कमवत होते. बायकांमध्येही असा फरक होता, पण तो साधारण ५ टक्के होता.

हे का होतं, याचा एक धागा २०२३ मधल्या संशोधनात सापडतो. मॅथ्यू स्टॅन्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे १,४०० मॅनेजरांना जॉन नावाच्या एका काल्पनिक कर्मचाऱ्याची गोष्ट वाचायला दिली. वय २९, कंपनीचा हात आखडता, आणि कुणालातरी पगार न वाढवता जादा काम करावं लागणार आहे. जॉनला हे काम सांगाल का?

काही मॅनेजरांना जॉन 'निष्ठावान' आहे असं सांगितलं होतं, इतरांना तसं सांगितलं नव्हतं. निष्ठावान जॉनवर फुकटचं काम टाकायला मॅनेजर जास्त तयार होते. जॉन प्रामाणिक आहे किंवा न्यायाने वागणारा आहे असं सांगितलं, तेव्हा हा परिणाम तेवढा दिसला नाही. निष्ठेची गोष्टच वेगळी होती. 'तो आपला माणूस आहे, तो समजून घेईल' हे वाक्य ज्यांनी ऐकलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

पुढचा भाग तर आणखी बोलका आहे. जादा काम स्वीकारण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या जॉनला मॅनेजरांनी जास्त निष्ठावान मानलं. म्हणजे निष्ठावान म्हणून काम द्यायचं, काम केलं म्हणून आणखी निष्ठावान समजायचं आणि मग आणखी काम द्यायचं. घाण्याचा बैल असाच फिरत राहतो.

यात मॅनेजर मुद्दाम छळतो असं नाही. डेडलाइन डोक्यावर असते तेव्हा तो त्याच माणसाला फोन लावतो जो उचलणार हे त्याला माहीत असतं.

मुलींच्या वाट्याला हे जास्त का येतं?

ऑफिसात काही कामं अशी असतात जी कुणीतरी करावीच लागतात, पण ती केल्याने कुणाचं प्रमोशन होत नाही. मीटिंगचे मिनिट्स लिहिणं, फेअरवेलचे पैसे गोळा करणं, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आणणं, इंटर्नची सोय बघणं.

२०१७ मध्ये लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी यावर प्रयोग केले. तीन-तीन जणांचे गट करून अशी परिस्थिती तयार केली की एकाने पुढे येऊन थोडं नुकसान सोसलं तर सगळ्यांचा फायदा. मिश्र गटांमध्ये स्वतःहून पुढे येण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये ४८ टक्क्यांनी जास्त होतं.

यावर कुणी म्हणेल, बायकांचा स्वभावच तसा असतो. पण नाही. गटात फक्त पुरुष असतील तेव्हा पुरुषही तेवढ्याच वेळा पुढे येत होते. म्हणजे स्वभावापेक्षा 'ती करेलच' ही अपेक्षा काम करत होती. आणि एकाने दुसऱ्याला काम सांगायची वेळ आली, तेव्हा स्त्रियांना ४४ टक्के जास्त वेळा विचारलं गेलं. विचारणारा पुरुष असो वा स्त्री, फरक पडला नाही.

म्हणून एखादीला 'किती समजूतदार आहे' म्हणून शाबासकी देणाऱ्यांनी ते कौतुक आहे की तिच्यावर सोपवलेलं काम आहे, हे एकदा तपासायला हवं.

हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याकडे काय?

वरचे बरेचसे अभ्यास अमेरिकेतले आहेत, त्यामुळे आकडे जसेच्या तसे पुण्या-मुंबईच्या ऑफिसात लागू होतील असं नाही. पण एक फरक माहीत असलेला बरा. डच संशोधक हेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएम कंपनीच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून एक निर्देशांक तयार केला होता, ज्यातून वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातलं अंतर लोक किती गृहीत धरतात हे कळतं. त्यात अमेरिकेला ४० गुण आहेत आणि भारताला ७७.

सोप्या भाषेत सांगायचं तर साहेबाला नाही म्हणणं तिकडे जेवढं अवघड, त्याहून इकडे जास्त अवघड. जिथे 'सर' म्हटल्याशिवाय वाक्य सुरू होत नाही, तिथे मनमिळाऊ माणसाच्या तोंडून 'हे मला जमणार नाही' कसं निघणार?

मग करायचं काय? स्वभाव बदलायचा?

स्वभावाला औषध नाही असं आपल्याकडे म्हणतात. पण ते पूर्ण खरं नाही. २००६ मध्ये ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी ९२ गटांवरचे दीर्घकाळ चाललेले अभ्यास एकत्र केले. त्यात दिसलं की माणसं वयाबरोबर जास्त जबाबदार आणि मनाने जास्त स्थिर होत जातात, आणि हा बदल विशेषतः २० ते ४० या वयात होतो. म्हणजे नेमकी नोकरीतली सुरुवातीची वर्षं.

पण अप्रेझल तोवर थांबत नाही, म्हणून स्वभाव तोच ठेवूनही काही गोष्टी करता येतात.

शिस्तीच्या पण अबोल माणसाने दर शुक्रवारी मॅनेजरला चार ओळींचा मेल टाकावा. या आठवड्यात काय संपलं, काय अडलंय, पुढे काय. यात बढाई नाही. मॅनेजरलाही वर रिपोर्ट द्यायचा असतो, त्याचं काम सोपं होतं. मार्चमध्ये हेच मेल वर्षभराचा हिशोब म्हणून समोर ठेवता येतात.

नाही म्हणता येत नसेल तर निवड मॅनेजरकडे सोपवावी. "हे करतो, पण मग सोमवारचा रिपोर्ट बुधवारी जाईल, चालेल का?" या वाक्यात नकार नाही, पण वेळ मोफत नाही हे त्यातून नीट पोहोचतं.

नवीन काम आलं की एक प्रश्न विचारावा, "हे काम माझ्या गोल्समध्ये धरलं जाणार आहे का?" उत्तर 'नाही' असेल आणि अशी कामं वाढत असतील, तर ती यादी अप्रेझलच्या आधीच बोलायची. नंतर बोललेलं रडगाणं वाटतं.

मॅनेजरांसाठीही एक सोपा उपाय आहे. बिनश्रेयाची कामं "कोण करेल?" असं विचारून वाटूच नयेत. पाळी लावावी किंवा चिठ्ठ्या टाकाव्यात. नाहीतर प्रत्येक वेळी तोच हात वर येतो, आणि एक दिवस तोच हात राजीनामा टाइप करतो. अशा राजीनाम्यावर मॅनेजरची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, "तू तर कधी काही बोलला नाहीस."

तर मार्चमध्ये टपरीवर 'तो साहेबांचा खास आहे' असं कुणी म्हटलं, की एक प्रश्न स्वतःलाही विचारून बघा. उद्यापासून तुम्ही ऑफिसला आला नाहीत, तर साहेबांना तुमची कमी कशासाठी जाणवेल? तुमचं डोकं, तुमचा निर्णय, तुमचं कौशल्य यासाठी जाणवणार असेल, तर तुम्ही महत्त्वाचे आहात. शनिवारी कुणाला बोलवायचं एवढाच प्रश्न पडणार असेल, तर तुम्ही फक्त कामाचे आहात.

आणि हा हिशोब लेटर हातात पडायच्या आधी करायचा असतो.